तारकर्लीजवळची घरगुती खानावळ, ज्यांना ग्लूटेन चालत नाही त्यांच्यासाठी

आधी मार्क सांगून टाकते. जेवण पाचपैकी पाच, स्वयंपाकघरातली काळजी पाचपैकी पाच, वेळेला साडेतीन. मालवणहून तारकर्लीमार्गे देवबागला जो रस्ता जातो त्याच्या आत माडांमध्ये हे घर आहे, खाली खानावळ आणि वर राहायच्या खोल्या. माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लूटेन नावाचं प्रथिन थोडंही पोटात गेलं की तिच्याच शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याला इजा करते, अ‍ॅलर्जीची गोळी देऊन भागत नाही, उपाय एकच, आयुष्यभर कडक पथ्य. त्यामुळे कुठेही गेलं की मी चवीचं नंतर बघते, आधी तवा कुठला, परात कुठली, तेल कुठलं ते विचारते.

कोकणात जाताना सगळे म्हणतात, अगं तिकडे काय टेन्शन, भात मासे भाकरीच तर खातात. अर्धं खरं आहे ते. घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी, नारळाच्या रसातले शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया, सोलकढी, यात गव्हाचा काही संबंधच नाही. पण मासे तळताना रव्यात घोळवतात आणि रवा म्हणजे गहूच हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. याच किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मी स्पष्ट सांगितलं होतं की गहू मैदा अजिबात नको, वेटर हो हो म्हणाला आणि ताटात आली रवा लावलेली सुरमई, विचारलं तर म्हणे मॅडम यात गहू कुठाय, रवा आहे. तोवर पोरीने कडेचा तुकडा तोंडात घातला होता आणि ती अख्खी रात्र पोट धरून बसली. मला अजून राग येतो त्या प्रकाराचा.

म्हणून ही खानावळ चालवणाऱ्या मावशींकडे मी आदल्या दिवशी फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, गहू नको, मैदा नको, रवा, शेवया, पाव, सोया सॉस काही नको, चपातीच्या तव्यावर भाकरी नको, रव्याचे मासे तळलेलं तेल नको. त्यांनी मधे एकदाही कंटाळा दाखवला नाही, उलट त्यांनीच विचारलं, हिंगाचं काय गो? मी खरंच थक्क झाले, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं आणि हे शहरातल्या भल्या हॉटेलवाल्यांनाही माहीत नसतं. त्यांच्या ओळखीत कुणाला तरी हाच त्रास आहे म्हणे. आमच्या उसळीत हिंग घातलाच नाही आणि बांगड्याच्या तिखल्यात तसंही तिरफळ असतं, हिंगाची गरजच नाही.

पोचल्यावर त्या म्हणाल्या, "तुमका रवो चलना नाय मा, मगे तांदळाच्या पिठातच भाजून देतंय." आणि मला सरळ स्वयंपाकघरात नेलं. वेगळा लोखंडी तवा, त्यावर थोडंसं ताजं तेल, सुरमईच्या तुकड्याला हळद, मीठ, आगळ म्हणजे कोकमाचा रस, मालवणी मसाला आणि वरून तांदळाच्या पिठाचा पातळ हात. कडा अशा कुरकुरीत झाल्या होत्या की रव्याची आठवणसुद्धा आली नाही. तिथेच कोपऱ्यात घरघंटी होती, फक्त तांदूळ आणि कुळीथ दळायला. माझ्यासाठी याचं मोल फार आहे, कारण गावच्या गिरणीत आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि त्याच्यामागून आपले तांदूळ गेले की सुरुवातीच्या पिठात गहू येतोच, मग भाकरी दिसायला कितीही पांढरीशुभ्र असली तरी उपयोग नाही. आपल्याकडे पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं, इतक्या बारीक प्रमाणाचा हा खेळ आहे, त्यात गिरणीतलं पीठ धरणं म्हणजे जोखीमच.

सकाळी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. घावणे जाळीदार, मऊ, काठाला किंचित करकरीत, आणि सांबारात भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, दाटपणासाठी वेगळं पीठबीठ काही नाही. मुलगी ताटाकडे बघून आधी माझ्याकडे बघते नेहमी, चालेल का म्हणून. इथे दुसऱ्या सकाळी तिने न विचारता खायला सुरुवात केली, आणि आईला याहून जास्त काय पाहिजे असतं.

आता कमी काय ते. गर्दी असेल तर आपलं ताट सगळ्यात शेवटी येतं, कारण तवा, उलथनं, हात सगळं धुऊन मग करतात. भुकेलं मूल बरोबर असेल तर केळी नाहीतर शेंगदाण्याचे लाडू जवळ ठेवा. कोंबडी वडे आम्हाला मिळाले नाहीत, त्यांच्या वड्याच्या पिठात गहू असतात आणि ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, लपवलं नाही. शिरवाळे हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, साच्यातून काढायला माणूस लागतो. लहान मुलांना तिखट जास्त होईल, आधीच बोला. थाळीचा भाव माशाप्रमाणे बदलतो, त्यात काही वावगं नाही. जून जुलैमध्ये मासेमारी बंद असते, ताज्या सुरमईसाठी जायचं तर तो काळ टाळा.

प्रवासाचं मात्र स्वतःच बघावं लागतं. कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरायचं, पण गाडीत येतं ते कटलेट, ब्रेड ऑम्लेट, सामोसे, वडापाव, आमच्या कामाचं काही नाही. मी घरून तांदळाची भाकरी, सुकी चटणी आणि उकडलेली अंडी नेते. परतीला मावशींनी भाकऱ्या केळीच्या पानात बांधून दिल्या आणि पैसे घेताना त्या धरल्याच नाहीत, मी बळेच दिले. तुम्ही जाणार असाल तर निदान एक दिवस आधी फोन करा, आणि शनिवार रविवार सोडून गेलात तर त्यांना तवा वेगळा ठेवायला सोपं जातं.