नाशिकच्या ट्रस्ट हॉस्पिटलमधलं व्हेट स्टुडंट्सचं क्लिनिकल ट्रेनिंग, माझा अनुभव (जरा मोठा आहे)

बी.व्ही.एस्सी. (जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी) करताय आणि हाताने काम शिकायचंय तर या जागी जाच, हे आधीच सांगून टाकते. मी जायच्या आधी खूप शोधलं होतं पण कुठेच धड माहिती नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण अशा जागेचं नाव-पत्ता पसरला की लोक रात्री गेटवर पिल्लांची खोकी ठेवून जातात, डोळेपण न उघडलेली पिल्लं असतात आई नसते, आणि वॉर्डात आधीच जागा नसते. व्हेटच्या कुठल्याही ग्रुपवर विचारा, नाशिकमधलं भटक्या जनावरांचं धर्मादाय हॉस्पिटल म्हटलं की सांगतील लोक.

मी नाशिकरोडची, कॉलेज परभणीला. चौथं वर्ष झाल्यावर सुट्टीत गेले आणि नंतर परत जानेवारीत.

कॉलेजच्या क्लिनिकमध्ये एका टेबलाभोवती आमची अख्खी बॅच उभी असते, मागच्यांना डॉक्टरांची पाठ दिसते फक्त. आणि तिथे पेशंटसोबत मालक असतो, तो सांगतो कधीपासून खात नाही, उलटी कशी झाली, लस कधी दिली. इथे तसं काही नाही. रस्त्यावरचं कुत्रं ज्याने उचलून आणलं त्याला एवढंच माहीत असतं की सकाळपासून द्वारका सर्कलच्या कडेला बसून होतं. वय माहीत नाही, लस माहीत नाही, गाडीने उडवलं की आजारी आहे तेही माहीत नाही. म्हणजे हिस्ट्री शून्य, आणि मग जे काय कळायचं ते तुमच्या डोळ्यांनी आणि हातांनीच कळणार. माझ्यासाठी या जागेची सगळ्यात मोठी किंमत हीच आहे आणि बाकीचं सगळं यातूनच येतं.

तिथल्या मोठ्या सरांचा एकच नियम, "आधी सांग, मग हात लाव." पिंजऱ्याबाहेर उभं राहून श्वास मोजायचे, पाय कुठे टेकवतंय बघायचं, लाळ आहे का, जबडा मिटतोय का, डोळ्यांना घाण आहे का, हे सगळं बोलून दाखवायचं आणि मगच टेंपरेचर, हिरड्यांचा रंग, हिरडी दाबून रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त लागतात का, कातडी ओढून सोडल्यावर किती वेळ तशीच राहते वगैरे. सुरुवातीला वाटतं एवढा वेळ कशाला घालवायचा, पेशंट तर समोर पडलाय. पण मागचे पाय ओढत आलेल्या कुत्र्यात अॅक्सिडेंट असू शकतो, डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक व्हायरल आजार) असू शकतो आणि रेबीजसुद्धा असू शकतो, आणि यातल्या तिसऱ्यात तुम्ही आधी तोंडाजवळ हात नेला तर काय होईल ते सांगायला नको. रेस्क्यू करणारे खूप वेळा म्हणतात "घशात हाड अडकलंय वाटतं, बघा ना जरा", आणि खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय. हे वाक्य ऐकलं की तिथे सगळे आधी दोन पावलं मागे येतात, आणलेल्या माणसाला कुठे ओरखडा, चावा, लाळ लागली का ते विचारतात, जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावतात आणि सिव्हिलला पाठवतात. पुस्तकात रेबीजचा डंब फॉर्म (पिसाळण्याऐवजी लुळं पडण्याचा प्रकार) वाचलेला असतो आपण सगळ्यांनीच, पण घशात हाड या शब्दांत तो तुमच्यासमोर येणार हे कुणी सांगत नाही.

म्हणूनच रेबीजची प्री एक्सपोजर (चावा बसण्याआधीच घ्यायची) लस घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय केनेलमध्ये पाऊल ठेवू देत नाहीत. ०, ७ आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी असे डोस असतात, त्यामुळे जायच्या महिनाभर आधी सुरू करा. घेतलेली असेल तर नंतर चावा बसला तरी ० आणि ३ व्या दिवशी दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) लागत नाही. माझ्यासोबतच्या एकाला या कागदासाठी परत पाठवलं, तो चिडला होता, पण मला ते शंभर टक्के बरोबर वाटलं.

आता रोजचं काम. सकाळी राउंड, आणि राउंडचा क्रम ठरलेला, आधी निरोगी पिल्लं, मग ऑपरेशनवाले, मग जनरल, आणि पार्वोचा (पिल्लांना उलटी-जुलाब होणारा संसर्गजन्य व्हायरस) वॉर्ड सगळ्यात शेवटी, तिथल्या चपला वेगळ्या, ॲप्रन वेगळा. आपल्याकडे फिनाईल मारलं की झालं स्वच्छ असं सगळ्यांना वाटतं पण फिनाईलने पार्वो मरत नाही आणि तो जमिनीत महिनोन्महिने टिकतो. तिथे साध्या ब्लीचचं एकास तीस असं पाणी करतात आणि आधी घाण धुऊन मग ते दहा मिनिटं तसंच ठेवतात. हे काम विद्यार्थ्यांनीपण करायचं असतं. काही जणांना ते खटकतं, आम्ही झाडू मारायला आलोय का म्हणतात. माझ्या मते ज्याने आयसोलेशन स्वतः धुतलं नाही त्याला इन्फेक्शन कसं पसरतं ते कळणारच नाही.

सलाईनचं गणित तर मी इथे शिकले असंच म्हणेन. कॉलेजला फॉर्म्युला पाठ होता. इथे ५ किलोचं पार्वोचं पिल्लू, ८ टक्के डिहायड्रेशन (वजनाच्या ८ टक्के पाणी कमी), म्हणजे तूट ४०० मिली, वर दिवसाची गरज ६० मिली प्रति किलोने ३००, झाले दिवसाचे ७००, आणि २० थेंबांना एक मिलीचा सेट असेल तर मिनिटाला साधारण १० थेंब, वर जेवढं उलटी-जुलाबात जातंय ते वेगळं धरायचं, हे केसपेपरवर लिहून डॉक्टरांची सही घेतल्याशिवाय सलाईनचं चाक फिरवायचं नाही. आणि लिहून झालं म्हणजे संपलं नाही, दर दोन तासांनी परत जाऊन बघायचं कारण पिल्लू पाय दुमडून बसलं की थेंब थांबतात. जी केस तुम्ही घेतली ती डिस्चार्ज होईपर्यंत किंवा जीव जाईपर्यंत तुमचीच. हे फार आवडलं मला.

सर्जरीबद्दल सगळ्यात जास्त विचारतात, तर ऐका. भटक्या कुत्र्यांची नसबंदी इथे नियमित होते, एबीसी रूल्स २०२३ (भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे केंद्राचे नियम) प्रमाणे, पकडायचं, ऑपरेशन, रेबीजची लस, कानाला खूण आणि बरं झालं की जिथून आणलं तिथेच सोडायचं. केसेस भरपूर असतात पण पहिल्याच दिवशी ब्लेड हातात मिळेल या आशेवर जाऊ नका. आधी वजन, प्रीमेड (भुलीआधीचं इंजेक्शन), शिरेत कॅथेटर, केस काढणं, स्क्रब. मग भूल उतरताना शेजारी बसायचं, गिळायला लागेपर्यंत ट्यूब काढायची नाही, अंग गार पडतं म्हणून पांघरूण आणि गरम पाण्याच्या बाटल्या, त्यापण कापडात गुंडाळून नाहीतर भाजतं. त्यानंतर असिस्ट. टाके आधी फोमवर घालून दाखवायचे, ते पसंत पडले तर मग स्किन क्लोजर, डॉक्टर शेजारी हात धुऊन उभे. ओव्हेरियन पेडिकलची (अंडाशयाला रक्त नेणाऱ्या देठाची) गाठ मला बांधू दिली तेव्हा मॅडमनी आधी विचारलं, गाठ सुटली तर रक्त कुठे जाईल आणि तू ते कसं शोधशील, आणि उत्तर पूर्ण झाल्यावरच पुढे. आपण रजिस्टर्ड नाही हे लक्षात ठेवा, जे काय करायचं ते रजिस्टर्ड डॉक्टरांच्या नजरेखालीच, आणि ही जागा त्यात कुठेही ढिलाई करत नाही. दुसरीकडे एका ठिकाणी (नाव नको) पैसे घेऊन मुलांना एकट्याने ऑपरेशनं करायला देतात असं ऐकलंय, तसं असेल तर तिकडे फिरकू पण नका, त्या टेबलावर जिवंत प्राणी असतो.

कुत्रं धरायचं कसं हे मात्र डॉक्टरांनी नाही तर तिथल्या मामांनी शिकवलं. मामा म्हणजे केनेल सांभाळणारे, शिक्षण फार नाही पण कुठलं कुत्रं कधी चावणार ते त्यांना आधी कळतं. "ताई मागून नका येऊ, त्याला आधी दिसू द्या तुम्ही कोण ते." बँडेजच्या पट्टीने तोंडाला मुसक्या बांधायला, मान न आवळता कडेवर घ्यायला, शेपटीचं नाही तर कानांचं आणि ओठांचं बघायला त्यांनीच शिकवलं. सर्टिफिकेटवर त्यांची सही नसते, असायला हवी होती असं मनापासून वाटतं.

नाशिकच्या काही केसेस दुसरीकडे एवढ्या दिसणार नाहीत. सकाळी कमी फीमध्ये पाळीव प्राण्यांची ओपीडी असते, तिथे द्राक्षं किंवा मनुके खाल्लेली कुत्री येतात. आपल्याकडे घरोघरी द्राक्षं, लोक प्रेमाने भरवतात, फळच तर आहे म्हणतात. पण कुत्र्याची किडनी त्याने निकामी होऊ शकते आणि किती खाल्ल्यावर होईल याचा भरवसा नाही. टार्टारिक ॲसिडमुळे होतं असं २०२१ पासून मानलं जातंय. खाऊन थोडाच वेळ झाला असेल तर उलटी करवतात आणि सलाईन, किडनीच्या टेस्ट. आणि दिंडोरी, निफाडकडून फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेली कुत्री येतात, लाळ, थरथर, डोळ्यातली बाहुली टाचणीएवढी. ॲट्रोपिन (त्या विषावरचं औषध) कधी द्यायचं आणि किती वेळाने परत बघायचं हे तिथे डोळ्यांदेखत शिकायला मिळतं. शेतकरी दादांना एकच सांगायचं असतं, औषधाची बाटली किंवा पुडा सोबत आणा.

जानेवारीत नायलॉन मांजाने कापलेले पक्षी. घारी, बगळे, घुबडं, पंख हाडापर्यंत चिरलेले. बंदी असूनही दरवर्षी तेच. पंख शरीराशी आठच्या आकड्यात बांधायचा पण छाती आवळायची नाही, कारण पक्ष्याची छाती हलली नाही तर श्वासच घेता येत नाही. वन्यजीव असल्यामुळे वनखात्याला कळवावं लागतं, ती नोंद कशी करायची तेपण शिकवतात. रागही येतो आणि रडूही येतं त्या दिवसांत, तयारीने जा.

आणि एक अवघड विषय. मणका तुटलेली कुत्री. मागच्या पायाचं बोट चिमट्याने दाबलं आणि पाय आखडला की आपल्याला वाटतं संवेदना आहे. सर म्हणायचे पायाकडे नको, तोंडाकडे बघ. पाय आखडणं हा नुसता रिफ्लेक्स असतो, मान वळवली, ओरडलं, चावायला आलं तर दुखणं मेंदूपर्यंत पोचतंय. डीप पेन (खोल दुखण्याची जाणीव) आहे की नाही यावरच पुढचं बरंचसं ठरतं, मागच्या पायांना चाकांचा गाडा की औषध की शांतपणे जाऊ देणं. हा निर्णय घेताना विद्यार्थ्यांना बसवून घेतात, बोलू देतात, इंजेक्शन देण्याची सक्ती कुणावर करत नाहीत आणि नंतर चहाला बसून विचारतात बरी आहेस ना. कॉलेजमध्ये साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात हे कुणी विचारलं नव्हतं.

उणिवा पण आहेत. मोठी जनावरं कमी, कधीतरी प्लास्टिक खाल्लेली गाय, गाढव, घोडा, पण गायी-म्हशींचं शिकायचं तर सरकारी दवाखाना किंवा डेअरीवालं गाव गाठा. रक्ताचे रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून येतात, संध्याकाळ होते, तोवर उपचार अंदाजाने. शिकवण्याला ठरलेला सिलॅबस नाही, डॉक्टरांवर लोड असला की दोन-दोन दिवस कुणी काही समजावत नाही, तुम्हालाच मागे लागून विचारावं लागतं, लाजरी मुलं मागे पडतात. एक साधं लॉगबुक केलं आणि आठवड्यातून एक तास केस डिस्कशनला राखून ठेवला तर फार फरक पडेल, मी तिथे लेखी देऊन आलेय. राहायची सोय नाही, मुलींसाठी तर नाहीच.

कुणी म्हणतं ट्रस्टच्या हॉस्पिटलात काय शिकणार, तिथे साधनं नसतात. त्यांनी परळचं बैल-घोडा हॉस्पिटल आठवावं. १८८६ ला मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेज सुरू झालं तेच त्या बाई साकरबाई हॉस्पिटलच्या आवारात, आणि ते हॉस्पिटल प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या सोसायटीचं, म्हणजे धर्मादायच. महाराष्ट्रात व्हेट अशा जागेतूनच घडत आलेत.

जाणार असाल तर फी घेत नाहीत, जेवण आपलं आपण. सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) सिटीलिंक (शहर बस) मिळते, शेवटच्या स्टॉपवरून शेअर रिक्षा. कॉलेजचं पत्र आधी घ्या आणि हे ट्रेनिंग तुमच्याकडे कशात धरतील ते कॉलेजकडून लेखी घ्या, तोंडी नको. स्टेथो, थर्मामीटर, दोन ॲप्रन, जुने बंद बूट आणि छोटी वही, फोनवर लिहायला तिथे हात मोकळे नसतात. रविवारी रेस्क्यूची गर्दी असते, त्या दिवशी पहिल्यांदा जाऊ नका. संक्रांतीसाठी जायचं असेल तर नोव्हेंबरमध्येच मेल टाका, एका वेळी तीन-चारच मुलं घेतात. पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या लॉगबुकसाठी राखून ठेवलाय.