घरगुती डीएनए वंशचाचणी: काही महिने वापरल्यावर टक्केवारीवर किती विसंबायचं?

या किटमधून दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि अहवालात त्या एकत्र दिसतात. एक म्हणजे डीएनएतली अक्षरं वाचणं, दुसरी म्हणजे त्या अक्षरांवरून पूर्वज कुठले असतील याचा अंदाज. पहिलं काम चोख होतं. शंका घ्यायची ती दुसऱ्याबद्दल.

नमुना देताना फारसं काही चुकत नाही. आधी अर्धा तास खाणं, पिणं, धूम्रपान, च्युइंगम बंद ठेवायचं. नळीवरच्या खुणेपर्यंत लाळ भरायची, साधारण २ मिली. वरचा फेस यात धरायचा नाही. झाकण लावलं की झाकणातला द्रव लाळेत उतरतो, मग नळी नीट हलवायची. लाळ कमी पडली किंवा द्रव मिसळला नाही तर नमुना बाद होऊ शकतो. एका घरातून दोन किट जात असतील तर एकाचं काम संपवून, क्रमांक नोंदवून, मगच दुसरं उघडावं. दोन भावांच्या नळ्या बदलल्या तर प्रयोगशाळेला ते कळायला मार्ग नाही.

जीनोममध्ये ३०० कोटींहून जास्त अक्षरं असतात. प्रयोगशाळेत डीएनए वाचणारी चिप त्यातल्या साधारण ६ ते ७ लाख ठरावीक जागाच तपासते. या जागांवर माणसामाणसांत फरक आढळतो आणि तिथलं वाचन ९९ टक्क्यांहून अधिक बरोबर येतं. जाहिरातीतला ‘९९ टक्के अचूक’ हा दावा एवढ्यापुरताच खरा. टक्केवारीच्या रंगीत नकाशाला तो लागू नाही.

नकाशा तयार होतो तो रेफरन्स पॅनेलवरून. ज्यांचे चारही आजी-आजोबा एकाच प्रदेशातले आहेत, अशा आज हयात असलेल्या लोकांचे नमुने त्यात प्रामुख्याने असतात. तुमच्या डीएनएचा प्रत्येक तुकडा यातल्या कोणत्या गटाशी जास्त जुळतो ते संगणक ठरवतो. म्हणजे तुलना पूर्वजांशी होत नाही, त्या प्रदेशातल्या आजच्या लोकांशी होते. ज्या प्रदेशाचे नमुने थोडे, तिथला माणूस शेजारच्या गटात ढकलला जातो किंवा त्याला एकच ऐसपैस खंडवजा नाव मिळतं. फ्रेंच आणि जर्मन वेगळे काढणं तर भरपूर नमुने असूनही अवघड जातं, कारण शतकानुशतकं त्यांच्यात सरमिसळ होत आली आहे.

आणखी एक अडचण अहवालात कुठे ठळकपणे लिहिलेली नसते. चिप एका जागेवरची दोन्ही अक्षरं सांगते, पण आईकडून कोणतं आणि वडिलांकडून कोणतं आलं ते सांगत नाही. ती विभागणी सॉफ्टवेअर अंदाजाने करतं आणि मध्येच बाजू बदलली की एकाचा तुकडा दुसऱ्याला चिकटतो. आई किंवा वडिलांपैकी एकाची चाचणी त्याच कंपनीकडे असेल तर ही चूक बरीच कमी होऊ शकते. टक्केवारी सुधारायची असेल तर दुसऱ्या कंपनीचं किट घेण्याआधी हे करावं.

२०१९ मध्ये कॅनडातल्या सीबीसी वाहिनीने एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांकडे दिले. काही ठिकाणी एकाच कंपनीने दोघींना वेगळे आकडे दिले. त्यांच्या कच्च्या फायली, म्हणजे चिपने वाचलेल्या अक्षरांच्या याद्या, मात्र जवळजवळ तंतोतंत जुळत होत्या. फरक पुढच्या हिशेबात पडला होता. सख्ख्या भावंडांचं वेगळं आहे. त्यांच्या टक्केवारीत तफावत येणारच, कारण प्रत्येकाला आईवडिलांचा निम्मा डीएनए मिळतो, पण तोच निम्मा नव्हे.

वाचायची पद्धत अशी: खंडाच्या पातळीवरचा निष्कर्ष बहुतेक वेळा टिकतो, देशाचा डळमळतो, आणि १-२ टक्क्यांचे अनपेक्षित पूर्वज पुढच्या अपडेटमध्ये गायब झाले तर आश्चर्य नको. काही कंपन्यांच्या अहवालात विश्वासपातळी, म्हणजे अंदाज किती खात्रीचा हवा ती मर्यादा, ५० पासून ९० टक्क्यांपर्यंत वाढवता येते. ती ९० वर नेऊन काय उरतं ते बघा. उरेल तेवढंच खरं धरायचं.

माझ्या मते किट घ्यावं ते नातेवाइकांच्या यादीसाठी, म्हणजे ज्या ग्राहकांचा डीएनए तुमच्याशी जुळतो त्यांच्या यादीसाठी. तिथे अंदाज कमी, मोजमाप जास्त. सामाईक डीएनए सेंटीमॉर्गन या एककात मोजतात. सख्खी भावंडं सुमारे २,६०० सेंटीमॉर्गन जुळतात, चुलत-आते-मामे-मावस भावंडं साधारण ८५०. मात्र १,७५० च्या आसपासचा आकडा आई किंवा वडील एकच असलेलं सावत्र भावंड, आजोबा, काका किंवा मामा यांपैकी कोणाचाही असू शकतो. तिथे वयं आणि कागदपत्रं बघावी लागतात. ७ सेंटीमॉर्गनपेक्षा लहान तुकड्यांच्या मागे लागू नका, त्यातले बरेच योगायोगाचे असतात. पिढ्यानपिढ्या आपसातच लग्नं होत आलेल्या समाजात हे आकडे फुगतात. अश्केनाझी (मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या) ज्यूंच्या यादीत लांबचे नातेवाईकही जवळचे दिसतात, ते याचमुळे. अशा वेळी बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा किती मोठा आहे ते तपासावं.

कच्ची फाइल उतरवून दुसऱ्या साइटवर आजार शोधणं टाळा. २०१८ मध्ये ‘जेनेटिक्स इन मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात, कच्च्या फायलींत दिसलेल्या आणि पडताळणीसाठी पाठवलेल्या जनुकीय बदलांपैकी ४० टक्के खोटे निघाले. दुर्मिळ बदल ओळखण्यात चिप कच्ची आहे. काही गंभीर दिसलंच तर वैद्यकीय प्रयोगशाळेतून खात्री करूनच पुढे जावं.

आता माहितीच्या सुरक्षिततेबद्दल. २०२३ मध्ये अशी किट विकणाऱ्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. खातं बंद करायचं ठरवलं तर आधी कच्ची फाइल आणि नातेवाइकांची यादी उतरवून घ्या, साठवलेली लाळ नष्ट करण्याची सूचना दिली गेली आहे का ते तपासा, आणि तीच फाइल इतर साइटवर चढवली असेल तर तिथून ती वेगळी काढा. मूळ खातं बंद केल्याने तिथली प्रत जात नाही.