डायनॅमो वायंडिंगचं दुकान, मिरज: जुन्या गाडीवाल्यांनी जावं, घाईतल्यांनी नको

अण्णांच्या मार्क टू अँबॅसडरचा चार्जिंगचा लाल दिवा विझेना झाला. इंजिन कितीही रेस करा, डॅशबोर्डवर तो आपला पेटलेलाच, आणि बॅटरी बसायची ती बसतेच. सांगली-मिरजेत जिथे गाडी दाखवली तिथे एकच उत्तर: "ताई, डायनॅमो भंगारात घाला, अल्टरनेटर बसवा." डायनॅमो म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र, अल्टरनेटर ही त्याच कामाची नवी पद्धत. बॉनेट उघडून मीटर लावायची तसदी एकानेही घेतली नाही. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या भाऊंनी स्टेशनच्या मागचं हे दुकान सांगितलं. पाटी नाही. दारात जळक्या आर्मेचरचा (डायनॅमोत फिरणाऱ्या, तार गुंडाळलेल्या गाभ्यांचा) ढीग दिसला की समजायचं हेच.

दुकान चालवणाऱ्या चाचांचा पहिला प्रश्न: "बॅटरी कशी अर्थ केलीय, प्लस का मायनस?" म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या बॉडीला जोडलंय. हे विचारणारा मिस्त्री मिळाला म्हटल्यावर माझं निम्मं टेन्शन तिथेच उतरलं.

त्यांनी डायनॅमो लगेच उतरवला नाही. मागच्या डी (करंट बाहेर येतो ते) आणि एफ (फील्डचं, म्हणजे आत चुंबक तयार करणाऱ्या स्थिर कॉइलचं) या दोन्ही टर्मिनलच्या वायरी काढल्या, दोन्ही टर्मिनल तारेच्या तुकड्याने एकत्र जोडले, मीटरचं एक टोक तिथे आणि दुसरं बॉडीला. इंजिन हळूहळू वाढवायला सांगितलं. डायनॅमो चांगला असेल तर काटा सरसर वर जायला हवा. आमचा एका व्होल्टच्या अलीकडेच अडकला. "फील्ड गेलंय. आर्मेचर गेलं असतं तर चार-पाचावर थांबला असता."

मी विचारत राहिले आणि ते काम करता करता सांगत राहिले. या डायनॅमोत कायमचं चुंबक नसतंच. आतल्या पोल शूच्या, म्हणजे फील्ड कॉइल ज्यावर बसते त्या, लोखंडात मागची थोडी चुंबकशक्ती मुरलेली असते, तेवढंच विरजण. आर्मेचर फिरलं की त्याच्यावर किंचित व्होल्टेज तयार होतं, ते फील्ड कॉइलमध्ये जातं, चुंबक जोर धरतं, त्यामुळे व्होल्टेज आणखी वाढतं. फील्डची तारच तुटली तर ही साखळी सुरू होत नाही. उघडल्यावर दिसलं ते तसंच: एफ टर्मिनलपाशी कॉइलची शेवटची टेप कोळसा झालेली आणि तार आतून निखळलेली. सहा ओहमच्या आसपास दाखवायला हवं तिथे मीटर ढिम्म.

आर्मेचर ठीक आहे असं मीटरने सांगितलं तरी चाचांनी ते ग्राऊलरवर (आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर) ठेवलं. करवतीचं पातं प्रत्येक खाचेवर धरून एकेक खाच पुढे सरकवत गेले. आत कुठे कॉइल शॉर्ट असेल तर त्या जागी पातं थरथरतं. ते कुठेच थरथरलं नाही. मग लेथवर कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला) अगदी हलका कट मारला आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) घासून बारीक केलेल्या पात्याने खाली घेतला, साधारण पाऊण मिलिमीटर. मायका वर राहिला तर ब्रश (पट्ट्यांवर टेकून करंट घेणारा कार्बनचा तुकडा) उड्या मारतो आणि ठिणग्या पडतात. नवे ब्रश बसवताना काचपेपर वापरला. पोरगा एमरी पेपर घेऊन आला तर त्याला ओरडा बसला, कारण एमरीची पूड पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करते.

कम्युटेटरचं काम मला इथेच डोळ्यांदेखत कळलं. आर्मेचरमध्ये तयार होते ती वीज मुळात एसीच. तारेचा वेढा अर्धी फेरी एका पोलसमोर, अर्धी दुसऱ्यासमोर, म्हणजे प्रवाह उलटणारच. पण तो उलटतो त्याच सुमाराला ब्रशखालची पट्टीही बदलते, म्हणून बाहेर येणारा करंट एकाच दिशेने जातो. अल्टरनेटरमध्ये हेच काम डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) करतात, आणि तिथे डायोड गेला तर असं बघून काही समजत नाही.

आता तक्रारी. पावती मिळत नाही, मागितली तर हसतात. फोन उचलत नाहीत. बोलावलं त्या दिवशी काम तयार नव्हतं. कारण विचारलं तर मागच्या बाजूचा ब्राँझचा बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) इंजिन ऑईलमध्ये दिवसभर भिजवायचा असतो म्हणाले. ते खरं आहे, पण आधी सांगायला काय जात होतं? सगळं मिळून अडीच हजारांच्या आत झालं, फील्ड कॉइल नव्याने भरून, बुश आणि ब्रशसकट. हे मला स्वस्त वाटलं.

बसवल्यावर बॅटरीची लाईव्ह वायर एफ टर्मिनलला क्षणभर टेकवली. उघडझाकीत लोखंडातली चुंबकशक्ती जाते किंवा उलटी होते, ती अशी परत भरतात. म्हणूनच तो प्लस-मायनसचा प्रश्न. गाडी चालू केली, जरा रेस केली, लाल दिवा गेला.

एक स्पष्ट सांगते. गाडी रोज रात्री शहरात फिरवत असाल, वर म्युझिक सिस्टीम आणि जादा लाईट लावले असतील, तर अल्टरनेटरच बसवा. हा लुकासचा सी ४० पूर्ण वेगातही २२ अँपिअरच्या आसपासच देतो, आणि सिग्नलला आयडलवर जवळजवळ काहीच नाही. लाल दिवा तिथे मिणमिणणारच, तो दोष नव्हे. आमची गाडी लग्नकार्याला आणि रविवारी निघते, तिला हा पुरेसा आहे.

शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. गाडी नेता येत नसेल आणि सुटा डायनॅमो नेणार असाल तर कट-आउटचा (डायनॅमो बॅटरीला आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) डबाही सोबत न्या. त्यातले पॉइंट चिकटले असले तर बॅटरीच उलट डायनॅमोत रिकामी होते, आणि चाचा तो डबा बघितल्याशिवाय डायनॅमोला हात लावत नाहीत.