‘दोन हजार रुपये फूट, चावी हातात’: मटेरियलसह ठेका कितपत परवडतो?

स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘फुटाला काय दर?’ सिमेंट, सळई, मजुरी, फरशी, रंग सगळं धरून एकाच दरात घर उभं करून देणारी ही सेवा आता तालुक्याच्या गावीही सहज मिळते. नोकरीमुळे रोज साइटवर उभं राहता येत नसेल तर ती खरंच सोयीची आहे. पण नुसत्या दरावरून दोन ठेकेदारांची तुलना करू नका. कोणता फूट मोजला, पाया किती खोल गेला आणि पैसे कधी दिले, यावर खरा खर्च ठरतो.

आधी फूट बघू. समजा खाली ६०० आणि वर ६०० चौरस फूट असं दुमजली घर आहे आणि दर २,००० रुपये. तोंडी हिशेब २४ लाखांचा होतो. आता पोर्च १५० फूट, गॅलऱ्या १२०, जिन्यावरची केबिन १००. हे ३७० फूट ‘स्लॅब एरिया’ म्हणून पूर्ण दराने धरले तर ७ लाख ४० हजार वाढले. अर्ध्या दराने धरले तर ३ लाख ७० हजार. पोर्चला भिंती नाहीत, फरशी साधी, वायरिंग जेमतेम. तिथे पूर्ण दर देण्याचं काही कारण नाही. सज्जा आणि पॅरापेट (गच्चीचा कठडा) मोजमापात धरायचेच नाहीत. करारासोबत नकाशाची प्रत जोडा आणि त्यावर कोणता भाग पूर्ण, कोणता अर्धा आणि कोणता शून्य, हे रंगवून दोघांनी सह्या करा.

त्यानंतर जीएसटी. एका स्वतंत्र घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटी माफ आहे, पण मटेरियलसह ठेका घेतला की पूर्ण रकमेवर १८ टक्के लागतो. २४ लाखांवर ४ लाख ३२ हजार. दर सांगताना बहुतेक जण हे बोलत नाहीत, आणि पहिल्या बिलाला वाद होतो. एका घराचा हा ठेकाच २० लाखांची नोंदणीची मर्यादा ओलांडतो, त्यामुळे ‘आमच्याकडे जीएसटी नसतो’ यावर विसंबू नका. दर करासह आहे की कर वेगळा, ते एका ओळीत लिहून घ्या. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुन्या दरपत्रकावर बोलणी चालली असतील तर हा मुद्दा काढा.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती पायावर. करारात ‘खोदाई ५ फुटांपर्यंत’ असं एक वाक्य हमखास असतं. मुरमाड जमिनीत ते पुरतं. विदर्भ, मराठवाडा, सोलापूरकडच्या काळ्या मातीत नाही पुरत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं बांधकाम हलवते, म्हणून फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, पक्क्या मुरमावरच बसवावं लागतं. मुरूम ९ फुटांवर लागला की ‘जादा खोलीचे’ म्हणून ठोक रक्कम मागितली जाते. त्या ठोक रकमेला हो म्हणण्याआधी हिशेब करा. घराला १२ कॉलम, आकार ९ बाय १५ इंच, प्रत्येकी ४ फूट जादा: काँक्रीट ४५ घनफूट, रिंगांसह सळई साधारण २०० किलो आणि ५ बाय ५ फुटांचे खड्डे धरले तर खोदाई १२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मधे कॉलम एकमेकांना बांधणारा टाय बीम घ्यावा लागला तर तो वेगळा. म्हणून जादा कामाचे दर ब्रास, घनफूट आणि किलोवर आधीच ठरवा. त्याहून चांगलं म्हणजे, सह्या करण्यापूर्वी जेसीबीने प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे घेऊन मुरूम कुठे लागतो ते इंजिनिअरला दाखवा. जेसीबीचं तासाभराचं भाडं इथे सत्कारणी लागतं.

खोदलेली तीच काळी माती जोत्यात, म्हणजे फरशीखालच्या चौथऱ्यात, भरू देऊ नका. आत मुरूमच हवा, तोही ६-६ इंचांच्या थरात, पाणी मारून धुम्मसाने चोपलेला. एकदम तीन फूट भरून वर कोबा केला की दोन पावसाळ्यांत फरशी पोकळ वाजायला लागते.

आता स्लॅबचा दिवस, कारण घराचं आयुष्य तिथे ठरतं. १,००० फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे ११.८ घनमीटर काँक्रीट. एम २० या प्रतीच्या काँक्रीटसाठी सिमेंट, वाळू, खडीचं १:१.५:३ प्रमाण धरलं तर नुसत्या स्लॅबला ९४-९५ पोती सिमेंट लागतं, बीम वेगळे. संध्याकाळी रिकामी पोती मोजा. ७५ भरली तर माल कुठे कमी पडला हे विचारायला जागा आहे. एक पोतं म्हणजे सव्वा घनफूट, म्हणून तेवढ्याच मापाचा फर्मा (मोजायची पेटी) साइटवर हवा: एका पोत्याला दीड फर्मा क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू), तीन फर्मे खडी. घमेल्यांनी मोजलं की दुपारनंतर माप सुटतं. पाणी पोत्याला २५ ते २७ लिटर. मिक्सरमध्ये थेट पाइप सोडलेला दिसला तर काम थांबवा. माल पातळ झाला की पसरायला सोपा जातो, मजूर खूश असतात आणि ताकद तिथेच जाते.

सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे) असायला हवेत, स्लॅबला २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०. खडीचे तुकडे सरकवले असतील तर माल ओतताना ते निसटतात आणि सळई सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबच्या साच्याच्या, प्लेटवर टेकते. सेंट्रिंग खोलल्यावर ती खालून दिसते, प्लास्टरने झाकली जाते आणि काही वर्षांत गंजून छताचे पापुद्रे पाडते. बाहेर निघालेल्या गॅलरीत मुख्य सळई वरच्या बाजूला असते. मजूर तिच्यावरून चालले आणि खाली खुर्च्या (सळई उचलून धरणारे वाकवलेल्या सळईचे आधार) नसल्या की ती दबून मधोमध येते. अशी गॅलरी दिसायला धडधाकट असते, पण भार पेलत नाही. हे माल ओतण्यापूर्वीच तपासता येतं, नंतर नाही. म्हणून प्रत्येक स्लॅबआधी इंजिनिअरची लेखी मंजुरी आणि फोटो ही अट करारात हवीच.

सळईचं वजनही जागेवर पडताळता येतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरचे किलो. १२ मिलिमीटरची १२ मीटर सळई साधारण १०.६ किलो भरली पाहिजे, ८ मिलिमीटरची ४.७. सेंट्रिंग प्लेटा भाड्याच्या असतात, त्यामुळे त्या लवकर काढायची घाई होते. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर स्लॅबचे टेकू १४ आणि बीमचे २१ दिवस राहू द्या, आणि निदान १० दिवस वाफे करून पाणी ठेवा.

फिनिशिंगमध्ये ‘अमुक कंपनीचं किंवा समतुल्य’ हे शब्द खोडून काढा. टाइल्सचा ‘४५ रुपये फूट’ हा दर कर आणि भाड्यासह आहे का, बाथरूमच्या भिंतीला ७ फूट टाइल आहे की ४ फूट, हे विचारा. ‘संपूर्ण वायरिंग’ला अर्थ नाही, खोलीनिहाय पॉइंट मोजून लिहा, दिव्यांना १, सॉकेटला २.५, एसी-गिझरला ४ चौरस मिमीची तार. कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बोअर, गेट, किचन ट्रॉली, मीटर, नकाशा मंजुरीचं शुल्क यांतलं बहुतेक या दरात नसतंच. ३० बाय ४० च्या प्लॉटला कंपाउंडच १४० रनिंग फूट होतं.

हप्त्यांचा छापील तक्ता बहुधा असा असतो: करार १०, जोतं २०, पहिला स्लॅब २०, दुसरा स्लॅब २० टक्के. म्हणजे नुसता सांगाडा उभा राहीपर्यंत ७० टक्के पैसे गेले, आणि काम झालेलं असतं निम्म्याच्या आसपास. प्लास्टरला येऊन काम रेंगाळतं त्याचं कारण हेच. तुमचे पैसे दुसऱ्या साइटवर फिरत असतात. त्याऐवजी करार ५, जोतं १५, दोन्ही स्लॅब १५-१५, वीटकाम १०, प्लास्टर १२, वायरिंग-प्लंबिंग ८, फरशी १०, रंग आणि दारं ५ असं बसवून घ्या. गृहकर्ज असेल तर हा तक्ता बँकेलाही दाखवा, तीही कामाच्या टप्प्यानुसारच पैसे सोडते.

रोज तासभर साइटवर जाता येत असेल आणि चांगला मिस्त्री माहितीचा असेल, तर मजुरीचा ठेका देऊन माल स्वतः आणणंच मी सुचवेन. करही वाचतो आणि पोती डोळ्यांसमोर येतात. परगावी असाल तर मटेरियलसह घ्या, पण देखरेखीचा इंजिनिअर ठेकेदाराचा नको, तुमच्या पगारावरचा हवा. उरलेले ५ टक्के चावी मिळाली तरी देऊ नका. बाथरूमचा सखल स्लॅब आणि गच्ची ४८ तास पाणी तुंबवून तपासा, एक पावसाळा जाऊ द्या आणि खालचं छत कोरडं राहिलं तर चेक फाडा.