व्हॅक्यूम बॅग घ्यावी का? बेळगावकडच्या कपाटांसाठी परीक्षण

कपाट आवरायचं ठरलं की हल्ली सगळ्यात आधी व्हॅक्यूम बॅगा, म्हणजे आतली हवा ओढून कपडे चापट करणाऱ्या पिशव्या, मागवल्या जातात. वस्तू उपयोगी आहे, पण ती कपडे कमी करत नाही, त्यांचा फुगवटा कमी करते. नको असलेले कपडेच चापटून, सील करून आणखी पाच वर्षं सांभाळायचे असतील तर पैसे वाया. म्हणून आधी कपाट रिकामं करा, बॅग शेवटी.

बॅग नायलॉन आणि पॉलिथिनच्या थरांची असते, तोंडाला दुहेरी झिप आणि अंगावर हवा फक्त बाहेर जाऊ देणारी झडप. ६०×८० सेंमीच्या बॅगेत आठ-दहा स्वेटर बसतात, ८०×१०० मध्ये एक डबल रजई. छापलेल्या रेघेच्या वर भरू नका. रेघ नसेल तर दोन तृतीयांशावर थांबा. दोन दिवसांत बॅग पुन्हा फुगली तर ती फाटली असं लगेच समजू नका. बहुतेकदा झिपच्या खोबणीत लोकरीचा धागा अडकलेला असतो, नाहीतर झिप बंद करणारी क्लिप कोपऱ्यापर्यंत पोचलेली नसते. खोबण कोरड्या फडक्यानं पुसायची, क्लिप दोनदा फिरवायची, दोन्ही टोकं चिमटीत दाबायची. ब्लाउजचे हुक आणि पँटच्या चेन मात्र खरोखरच आतून भोक पाडतात, ते कपडे उलटे करून मध्ये ठेवा.

आपल्याकडे खरा शत्रू ओल. जून ते सप्टेंबर बेळगावात, आणि खानापूर-जांबोटीकडे त्याहून जास्त, कपडा वाळला असं वाटतं पण वाळलेला नसतो. हवा ओढून घेतली तरी धाग्यातलं पाणी आतच राहतं. मग कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते सहसा जात नाहीत. कॉलर, कमरपट्टा, जाड शिवण गालाला लावून बघा. गार लागलं तर ओल आहे. या बॅगा भरायचा काळ म्हणजे दसरा-दिवाळीच्या मधलं ऑक्टोबरचं ऊन. उन्हातून काढलेले कपडे सावलीत निवू द्या आणि मगच भरा.

रेशीम या बॅगेत अजिबात नको. इरकल असो की पैठणी, दाबून बसलेल्या घडीवर जरीची तार तुटते. शिवाय लोकर कायम दाबून ठेवली की तिचा मऊपणा जातो, म्हणून स्वेटरही एका हंगामापुरतेच. रेशमी साडीला धुतलेलं मांजरपाट किंवा जुनं सुती धोतर गुंडाळा आणि दर ३ महिन्यांनी घडी बदला. डांबरगोळ्या पोटलीत बांधून वरच्या फळीवर ठेवा, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली उतरते. जरीला गोळी टेकवू नका.

आता रिकामं करण्याबद्दल. एक दिवाळी, एक लगीनसराई आणि एक पावसाळा उलटला तरी अंगाला न लागलेला कपडा बाहेर काढा. घट्ट झालेला ब्लाउज उलटा करून शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेलं जादा कापड, किती आहे ते बघा. दोन्ही बगलांना अर्धा-अर्धा इंच असेल तर पुढचं-मागचं धरून तो दोन इंच सैल होतो, तो शिंप्याकडे. माया नसेल तर ‘बारीक झाल्यावर घालू’ म्हणून ठेवू नका, आजच्या मापाचा कपडाच आपला.

मऊ झालेल्या सुती साड्या वाकळीसाठी. पाच-सहा साड्यांत चांगली जाड वाकळ होते. पॉलिएस्टर मात्र त्यात घालू नका. ते धावदोऱ्यात सरकतं आणि घामही टिपत नाही. पँटी, शर्ट, सिंथेटिक साड्या भांडेवालीला द्या. एकेक देण्यापेक्षा एकदम ढीग मांडला तर सौदा बरा होतो. जरीची जुनी साडी मात्र त्या ढिगात टाकण्याआधी जुनी जर विकत घेणाऱ्याला दाखवा. खरी जर चांदीच्या तारेची असते आणि तिचं मोल पातेल्यापेक्षा बरंच जास्त होतं.

चौघांच्या घराला मोठ्या दोन आणि मधली एक बॅग पुरते. विकत घेतल्यावर बॅगेत एखादी उशी घालून ती नीट सील करा, हवा ओढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी फुगलेली दिसली तर परत करा.