४७,००० वाचवायला गेलो

मी कर सल्लागार आहे. दर जुलैत दीडशेच्या आसपास लोकांची विवरणपत्रं भरतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्ही विचारणारच, की अहो, ट्रॅव्हल एजंट फसवतोय हे तुम्हाला कळलं कसं नाही? कळलं होतं. म्हणूनच तर जास्त आग होते.

डिसेंबर २०२४. मी, बायको, दोन मुलं आणि आई. डॅन्यूब नदीवरून पासाऊ ते बुडापेस्ट, मध्ये लिंझ, व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा. २४ डिसेंबर ते १ जानेवारी, आठ रात्री. आईचे गुडघे गेलेत, त्यामुळे रोज बॅगा भरून हॉटेल बदलण्यापेक्षा बोट बरी, हा विचार माझाच. तो आजही चुकीचा वाटत नाही.

एजंट ठाण्याचा. मेहुण्याची बाली ट्रिप त्यानेच केली होती, आणि चोख केली होती. पाच जणांचे जीएसटीसह ७,६०,०००. विमानाची तिकिटं वेगळी. ती खरी निघाली, पीएनआर मी स्वतः तपासला होता. जुलैत २,००,००० त्याच्या फर्मच्या खात्यात भरले, पावती मिळाली. इथपर्यंत कुठल्याही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

ऑगस्टमध्ये फोन आला. "दादा, बिल घेतलंत तर वर ४७,००० टीसीएस बसतो. कशाला सरकारला देताय? उरलेले माझ्या मिसेसच्या सेव्हिंगला टाका." टीसीएस म्हणजे परदेशी टूरच्या बिलावर एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा आगाऊ कर. तेव्हाच्या नियमाने सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि वरच्या साठ हजारांवर वीस टक्के, म्हणजे ३५,००० अधिक १२,०००. हिशोब बरोबर होता. आणि हा टीसीएस म्हणजे काही बुडीत खर्च नव्हे. करखात्याच्या नोंदीत आपल्या नावावर दिसतो, विवरणपत्रात वळता होतो, जास्त असेल तर परत मिळतो. हे मी लोकांना फी घेऊन सांगतो. पण परतावा येणार पुढच्या वर्षी, आणि त्याच महिन्यात मुलाच्या कॉलेजची फी भरायची होती. बायको म्हणाली, "अहो, बिल का देत नाहीये तो?" मी म्हणालो, या धंद्यात असंच चालतं. २,५०,००० टाकले.

फर्म सोडून कुणाच्या बचत खात्यात पैसे मागितले, की तिथूनच उठायचं. बायको, भाऊ, पार्टनर, कुणीही असो.

आता ती पीडीएफ. बोट कंपनीच्या लेटरहेडवर, आमची पाचही नावं, केबिन नंबर, सगळं जर्मनमध्ये. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. नववीतली मुलगी शाळेत जर्मन शिकते. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबा, इथे ऑप्शन बिस वीस सप्टेंबर लिहिलंय. बिस म्हणजे पर्यंत. वीस सप्टेंबरपर्यंतच का?" मी मोबाइलवरून मानही वर केली नाही. म्हणालो, त्यांची सिस्टीम असते तशी, तू अभ्यास कर.

रात्री झोप लागत नाही तेव्हा मला हीच ओळ दिसते. पैसे न भरता एजंटला केबिन काही दिवस धरून ठेवता येतात, त्याला ऑप्शन म्हणतात. तारीख उलटली की केबिन आपोआप सुटतात. पत्र खोटं नव्हतंच! पोरीने भाषांतर करून हातात दिलं होतं आणि मी तिला गप्प केलं. शेवटचे ३,१०,००० मी भरले २८ सप्टेंबरला. केबिन सुटून आठ दिवस झाले होते.

व्हिसाही मिळाला. मला वाटलं, एवढी कागदपत्रं तपासून शेंगेन व्हिसा देतात म्हणजे बुकिंग पक्कंच. पण आमची फाइल गेली ११ सप्टेंबरला, तेव्हा ऑप्शन जिवंत होता. व्हिसा म्हणजे बुकिंगची पावती नव्हे, हे लक्षात ठेवा. आणि प्रत्येक हप्त्यानंतर बोट कंपनीला स्वतः ईमेल करून विचारा: माझ्या नावावर पैसे जमा आहेत का? फक्त "बुकिंग आहे का" विचाराल तर ऑप्शनलाही हो म्हणतील.

२४ तारखेला म्युनिकला उतरून ट्रेनने पासाऊ. डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्यांचा संगम आहे तिथे, फार देखणं गाव. बोट धक्क्याला होती, दिवे लागलेले, आत झाड सजवलेलं. रिसेप्शनवरच्या मुलीने यादी तीनदा पाहिली. मग आईला बसायला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि सांगितलं की ऑप्शन सप्टेंबरातच सुटला, बोट भरलेली आहे. एजंटचा फोन बंद. 

जर्मनीत २४ डिसेंबरला दुपारी दुकानं बंद होतात, २५ आणि २६ दोन्ही सुट्ट्या. स्टेशनजवळ एक कबाबवाला उघडा होता, त्याच्याकडे चिप्स आणि पाव खाल्ला. आई एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी ट्रेनने व्हिएन्ना, मग बुडापेस्ट, ऐन सणातले हॉटेलचे दर. वरचा खर्च २,३८,४६०. एकूण ९,९८,४६०.

परत आल्यावर आमच्या पोलीस चौकीत गेलो. "हा दिवाणी मामला आहे, वकील गाठा." मी म्हणालो, ही फसवणूक आहे, न्याय संहितेचं कलम ३१८. साहेब म्हणाले, "तुम्हीच लिहा मग एफआयआर." मग, ऑफिस ठाण्याला ना, तिकडे जा. ठाण्याला गेलो तर म्हणे पैसे पुण्यातून पाठवलेत, गुन्हा पुण्यात. गुन्हा कुठेही घडलेला असो, नोंदवून घ्यायचा आणि मग वर्ग करायचा, हे १ जुलै २०२४ पासून कायद्यातच लिहिलंय, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. छापून नेलं होतं. हवालदाराने तो कागद चहाच्या कपाखाली ठेवला. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, एफआयआर नव्हे, अर्ज, आणि विचारलं, "५,६०,००० चं बिल कुठंय?" काय सांगणार? टीसीएस वाचवत होतो? बँकेत सांगितलं, तुम्हीच पाठवलेत, तीन महिने झाले. (पैसे गेल्याचं ताबडतोब कळलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तासाभरात फोन करा. आमच्यासारखे डिसेंबरपर्यंत थांबू नका.)

ग्राहक आयोगात २०० रुपये फी भरून तक्रार टाकली आहे. नोटीस दोनदा परत आली: घर बंद. क्रेडिट कार्डने भरले असते तर निदान कार्ड कंपनीशी तरी भांडता आलं असतं.

घर बंद आहे, पण माणूस चालू आहे. जूनमध्ये मेहुण्याला नव्या नंबरवरून मेसेज आला: "दादा, या वर्षी ऱ्हाईन करूया का?" मेहुण्याने तो मला फॉरवर्ड केला, खाली हसरा चेहरा टाकून. त्याच्याशी मी अजून बोललेलो नाही.