पाय खोलात

दुपारचे दोन वाजले होते. पुण्यात, तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापासून चार पावलांवर, एका जुन्या वाड्याच्या माडीवर मी बसलो होतो. खाली हातगाड्या, टेम्पोचे हॉर्न, नेहमीचा बुधवार पेठेतला गलका. टेबलावर लांब पल्ल्याचा एक जुना एचएफ रेडिओ, त्याच्या शेजारी पत्त्यांच्या जोडाएवढं काळं खोकं आणि समोर मॉनिटर. मॉनिटरवर ७.०७४ मेगाहर्ट्झ, एफटी८, म्हणजे रेडिओवरून छोटे लेखी संदेश पाठवायची डिजिटल पद्धत. इटली, रशिया, जपान, पुन्हा इटली. ओळींवर ओळी पडत होत्या.

"काका, कसला पळतोय बघा. आठ जीबी आहे ना, म्हणून," विकणारा मुलगा म्हणाला.

मी फोन काढला आणि १६,५०० रुपये पाठवले. त्या पाऊण तासात निदान पाच गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर ओरडून सांगत होत्या की हे खोटं आहे. पाचही गोष्टी मला माहीत होत्या. म्हणून हे लिहितोय. ज्याला विषयच माहीत नाही तो फसला तर समजू शकतो. आपल्यासारखे, परवानाधारक, चार पुस्तकं वाचलेले लोक कसे फसतात ते जरा सविस्तर सांगायला हवं.

निवृत्तीनंतर हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा दिली, परवाना आला, सेट घेतला. सहकारनगरच्या फ्लॅटमध्ये अँटेना म्हणजे गच्चीवर एक वायर आणि सोसायटीच्या चेअरमनशी वर्षभराची बोलणी. आवाजावर बोलायला गेलं की आजूबाजूच्या एलईडी दिव्यांचा आणि इन्व्हर्टरचा खरखराट एवढा की समोरच्याचं काही कळत नाही. म्हणून डिजिटल मोड. एफटी८ खरखरीत बुडालेला, कानाला अजिबात ऐकू न येणारा सिग्नलही उचलतं. २०१७ साली ते आणणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर. पल्सारवरच्या, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्यांवरच्या कामासाठी १९९३चं नोबेल मिळालेला हाच तो माणूस. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस डिश ज्या पल्सारांच्या मागे असतात, त्याच जातीची ही विद्या, कुजबुजीतून अर्थ काढायची. मला याचं उगाच अप्रूप होतं. आणि अप्रूप वाटलं की माणूस किंमत विचारायचा विसरतो.

लॅपटॉप दिवसरात्र अडकवून ठेवायला घरातून विरोध, म्हणून रास्पबेरी पाय घ्यायचा ठरला. एवढासा संगणक, वीज कमी खातो, कोपऱ्यात पडून राहतो. एका दुकानात केबल घेताना काउंटरवर हे बोलत होतो, तर बाजूचा तिशीतला मुलगा म्हणाला, "काका, मी पण हॅम." कॉलसाइन, म्हणजे परवान्यासोबत मिळणारं हवेतलं नाव, सांगितला. घरी येऊन कॉलबुकात, म्हणजे हॅमच्या यादीत पाहिला. खरा होता, सातारा जिल्ह्यातला. माझं समाधान झालं. पुढे त्याने सगळा जामानिमा तयार करून द्यायचं कबूल केलं: पाय ४, आठ जीबी, १२८ जीबीचं कार्ड, वेळेसाठी जीपीएस, रेडिओ आणि पायच्या मधला साउंडकार्ड इंटरफेस, सगळी सॉफ्टवेअरं घालून. १४,५०० रुपये. वर २,००० डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८च्या सॉफ्टवेअरच्या "लायसन्स"चे.

हे सॉफ्टवेअर फुकट आहे. जीपीएल या मुक्त परवान्याखाली कुणीही उतरवून घ्यावं. मला हेही माहीत होतं. पण तो म्हणाला, "पायसाठीचं वेगळं असतं काका," आणि मी मान डोलावली.

वर म्हणाला, हा रेडिओ पण देतो, कागद-बिगद लागत नाही. आपल्याकडे ट्रान्समीटर विकणारा सरळ माणूस आधी परवान्याची प्रत मागतो. तिथेच उठायला हवं होतं. मी मात्र, माझ्याकडे सेट आहे, असं अभिमानाने सांगत बसलो.

घरी आणून जोडलं, तर चाललं की! रात्री युरोप येत होता, दुपारी बँड ओस पडत होता. वाड्यात दुपारी दिसलेला इटली माझ्याकडे का दिसत नाही, याचं उत्तर मी स्वतःच देऊन टाकलं: आपली अँटेनाच फडतूस. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा प्रक्षेपण करायला गेलो, तर रेडिओ ढिम्म. इंटरफेसचं खोकं उघडलं. आत शंभर-दीडशे रुपयांचं यूएसबी साउंडकार्ड. रेडिओ आणि संगणक विजेने वेगळे ठेवणारे आयसोलेशनचे ट्रान्सफॉर्मर असायला हवेत तिथे एम-सीलचा गोळा, वजन यावं म्हणून चिकटवलेला. रेडिओला "आता बोल" सांगणारी पीटीटीची वायर खोक्यात येऊन तशीच लोंबत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

चौथ्या दिवशी पाय सुरूच होईना. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं आणि 'एफ३' हे तपासणीचं साधन चालवलं. ते कार्डावर काठोकाठ फायली लिहितं आणि परत वाचून बघतं. १२८ जीबी छापलेल्या कार्डात खरी जागा १६ जीबीसुद्धा पुरती भरेना. अशी कार्डं आपण १२८चे आहोत असं संगणकाला बिनदिक्कत सांगतात, आणि खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं. माझ्या बाबतीत ते चारच दिवसांत उघड झालं, कारण डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये ऐकलेलं सगळं साठवायचा पर्याय चालू राहिला होता. पंधरा सेकंदांच्या एका फाइलीला सुमारे ३६० केबी. मिनिटाला चार, दिवसाला दोन जीबी. तो पर्याय बंद असता तर कार्ड सहा महिनेही तगलं असतं आणि मी त्या मुलाला दिवाळीचा फराळ नेऊन दिला असता.

दुसऱ्या कार्डावर पाय सुरू करून मेमरी पाहिली. एक जीबीच्याही किंचित खाली. मग बोर्डाची जात सांगणारा रिव्हिजन कोड पाहिला. पाय ४ मध्ये त्या सहा अक्षरी कोडचं पहिलं अक्षरच सगळं सांगतं: ए म्हणजे १ जीबी, बी म्हणजे २, सी म्हणजे ४, डी म्हणजे ८. माझा ए. विकत घेताना ही एक ओळ टाइप करायला दहा सेकंद लागतात. डब्यावरच्या स्टिकरवर विश्वास ठेवायला त्याहून कमी. (एफटी८ला एक जीबीसुद्धा पुरते, हा माझ्या मूर्खपणाचा आणखी एक पदर.)

पण खरा उजेड पडला तो त्या कार्डावर जुन्या फायली चाळताना. डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या फायलींच्या नावातच तारीख आणि वेळ असते. माझ्या फायलींच्या आधी, कित्येक महिन्यांपूर्वीच्या एकाच रात्रीच्या शे-दीडशे फायली होत्या. पहिलीची वेळ १८१५, म्हणजे यूटीसी या जागतिक वेळेचे संध्याकाळचे सव्वासहा, आपले रात्रीचे पावणेबारा. मी त्या उघडल्या आणि फोल्डरमधल्या उरलेल्या सगळ्या वाचायचा हुकूम दिला. पडद्यावर इटली, रशिया, जपान, पुन्हा इटली. वाड्यात पाहिलेलाच सिनेमा, त्याच क्रमाने.

आता त्या पाच गोष्टी.

पहिली, चाळीस मीटरचा बँड, म्हणजे तेच सात मेगाहर्ट्झ, भर दुपारी इटली ऐकवत नाही. सूर्यामुळे आयनांबरातला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या भागातला डी थर जागा असतो आणि हे सिग्नल गिळतो. त्या वेळी जवळपासची काही शे किलोमीटरवरची स्टेशनं मिळाली तरी खूप. हे मी परीक्षेत लिहून पास झालोय.

दुसरं, बुधवार पेठेत, खाली दोनशे दुकानांचे दिवे जळत असताना वॉटरफॉल, म्हणजे सिग्नल आणि खरखर रंगांत दाखवणारी पट्टी, काळाभोर, स्वच्छ. माझ्या घरी तो कायम पिवळा असतो.

तिसरं, वेळेचा रकाना १८१५ दाखवत होता आणि आपल्या दोन वाजता यूटीसीचे साडेआठ होतात. मी विचारलंही होतं! तो म्हणाला, "पायला स्वतःचं घड्याळ नसतं ना काका, सेट करायचं राहिलंय." पाय ४ला स्वतःचं घड्याळ नसतं, हे खरंच आहे. खोटं बोलायचं तर असं, खऱ्याच्या काठाकाठाने. पण एफटी८ला घड्याळ सेकंद-दोन सेकंदांच्या आत जुळलेलं लागतं. भलतीकडे गेलेल्या घड्याळावर सहसा एकही ओळ उमटत नाही, आणि इथे तर ओळींचा पाऊस पडत होता.

चौथी गोष्ट आठवली की अजून कानशिलं तापतात. एफटी८चा ताल ठरलेला आहे. पंधरा सेकंदांचा एक घास. त्यात जवळपास पावणेतेरा सेकंद समोरचा पाठवतो, मग ओळी एकदम उमटतात, मग पुन्हा वाट. त्या माडीवर दर तीन-चार सेकंदांनी ओळी येत होत्या. "आठ जीबी आहे ना, म्हणून." अहो, आठ काय आणि आठशे काय, हवेतून यायला पंधरा सेकंद लागणारी गोष्ट संगणक तीन सेकंदांत आणेल कुठून? रेकॉर्ड केलेल्या फायली वाचतानाच हा वेग दिसतो. मी मनात म्हणालो होतो, वा, काय स्पीड!

पाचवी, मी रेडिओच्या बटणाला हात लावायला गेलो तेव्हा त्याने माझा हात धरला. "कॅलिब्रेट केलंय काका." अँटेनाची पिन फक्त दोन सेकंद काढली असती तरी कळलं असतं. वॉटरफॉलवरचे सिग्नल गायब झाले पाहिजेत. तुमच्या बाबतीत असा प्रसंग आला तर पिन काढायला लावा. नाही म्हणाला तर जिना उतरा.

फोन केला. दोनदा कट. तिसऱ्यांदा अगदी गोड आवाजात: "चुकून दुसऱ्याचा सेट आला असेल तुमच्याकडे, पैसे परत करतो. क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका." मी चष्मा शोधू लागलो. बायको पोळ्या लाटत होती, तिथूनच म्हणाली, "पैसे आपल्याकडे यायचेत ना? मग पिन कशाला?" तिला एफटी८ कळत नाही. तेवढं एक बरं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, बँकेला कळवलं, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. पहिल्याच प्रश्नाला, पैसे कधी पाठवले, "पाच दिवसांपूर्वी" असं उत्तर द्यावं लागलं. पलीकडे क्षणभर शांतता. तासाभरात कळवलं तर रक्कम थांबवता येण्याची आशा जास्त असते. तक्रार क्रमांक मिळाला आहे. वाड्याची ती खोली महिन्याच्या भाड्याने घेतलेली होती, आता तिथे मोबाइलची कव्हरं ठेवलेली आहेत.

राहिला कॉलसाइन. तो खरा होता, हे मी वर म्हटलंच आहे. कार्डावर नोंदींची फाइल होती, तिच्यातही प्रक्षेपणाच्या प्रत्येक ओळीत तोच. मग तो मुलगा खरंच हॅम? कॉलबुकातल्या पत्त्यावर मी दोन ओळींची मेल टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज सत्तरीच्या पुढचा. ते पुण्यात गेल्या तीन वर्षांत आलेलेच नाहीत. मागच्या वर्षी पाय बंद पडला, तेव्हा ओळखीतून आलेला एक पोरगा दुरुस्तीला म्हणून सगळं घेऊन गेला. नंतर त्याचा फोन लागला नाही.

कॉलसाइन खरा आहे का, हे मी तपासलं. तो सांगणाऱ्याचाच आहे का, हे तपासायला एक ईमेल पुरली असती. ती मी महिनाभर उशिरा केली.

मी म्हणालो, बोर्ड तुमचाच आहे, कुरिअरने पाठवतो. ते नको म्हणाले. त्यांनी नवा घेतला होता. "एक जीबीचाच घेतला. पुरतो की." मग विचारलं, "जीपीएस चालतोय का?"

त्या सगळ्या पसाऱ्यात तेवढाच खरा निघाला होता. चालतोय, म्हणालो. खिडकीत ठेवला की मिनिटाभरात उपग्रह पकडतो.

"चांगलाय तो. ठेवा. पण माझा लॉग आहे का हो त्यावर? दोन वर्षांचे क्यूएसओ, सगळे संपर्क आहेत. बॅकअप घेतला नव्हता मी."

कार्ड पुन्हा लॅपटॉपला लावलं. फाइल कार्डाच्या सुरुवातीच्या, खऱ्या भागात होती. उघडली. शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत. फोन चालू ठेवूनच मी ती त्यांना पाठवली, आणि ती पोचेपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.